चाळीस मिनिटांचा हंगाम

फुटबॉलचं पूर्ण मापाचं मैदान 105 मीटर लांब आणि 68 मीटर रुंद असतं. गावच्या हिशेबात 70 गुंठे. महाड आणि पोलादपूर तालुक्यांत सलग, सपाट, मोकळे 70 गुंठे शोधायला निघालं की पाय नदीकाठाकडेच वळतात. तिथे एक तर भाताची खाचरं आहेत, जून ते ऑक्टोबर पिकाखाली असलेली आणि बांधांनी तुकडे पडलेली. नाही तर मोकळी पटांगणं आहेत, आणि ती पावसाळ्यात सावित्रीच्या हवाली असतात. बाकी सगळा उतार. महाबळेश्वरच्या पठारावरून निघालेली सावित्री घाट उतरून पोलादपूरवरून महाडला येते, तिथे तिला गांधारी मिळते, आणि पुढे बाणकोटच्या खाडीतून चढणारी भरती तिची वाट अडवते. वरून पूर आणि खालून भरती अशा दोन्ही वेळा जुळल्या की महाडची बाजारपेठ पाण्यात जाते. मैदानाचं तर विचारायलाच नको.

कबड्डीचं मैदान 13 बाय 10 मीटर. सव्वा गुंठा. भोवतीची जागा, बाक, गुणलेखकाचं टेबल आणि चार रांगा प्रेक्षक धरले तरी तीन-चार गुंठ्यांत काम भागतं. देवळापुढचं अंगण पुरतं, शाळेचं पटांगण पुरतं, कापणी झालेलं एखादं खाचर पुरतं. महाड-पोलादपुरातल्या महाविद्यालयीन संघाच्या हंगामाविषयी लिहायचं तर कबड्डीविषयीच लिहावं लागतं, ते यामुळे. फुटबॉल इथे कुणाला माहीत नाही असं नाही. 2017 साली सतरा वर्षांखालील विश्वचषकाचे सामने नवी मुंबईत झाले, त्याआधी 15 सप्टेंबरला राज्यभरच्या शाळांमध्ये एकाच दिवशी मुलांना फुटबॉल खेळायला लावण्याचा सरकारी उपक्रम झाला, आणि शाळाशाळांना चेंडू मिळाले. पण खेळ रुजायला चेंडूच्या आधी जमीन लागते, आणि जमिनीइतकीच तालीम लागते. कोल्हापुरात पाटाकडील, खंडोबा, दिलबहार या तालमींनी पिढ्यान्‌पिढ्या संघ पोसले आणि शाहू स्टेडियम भरत राहिलं. महाड-पोलादपुरात ते काम वाडीवाडीच्या मंडळांनी केलं, आणि ते कबड्डीसाठी केलं.

इथल्या पोराला दोन हंगाम असतात, आणि ते एकमेकांपासून फार वेगळे आहेत.

पहिला गावचा. भात कापून, झोडून, पेंढा रचून झाला की दिवाळीनंतर तो सुरू होतो आणि शिमग्याच्या आगेमागे ऐन भरात येतो. खाचरातली धसकटं काढायची, ढेकळं फोडायची, पाणी मारून जमीन चोपायची, बारीक खडा वेचून काढायचा आणि फक्कीनं रेषा आखायच्या. हे काम खेळणारी पोरंच करतात. मग बांबू, हॅलोजन, ध्वनिक्षेपक आणि प्रकाशझोतातील मर्यादित संघांच्या स्पर्धेचा फलक. खर्चाचा मोठा वाटा मुंबईकरांचा असतो. गावचं एक मंडळ गावात आणि एक मुंबईत अशी इथली रीत आहे. लालबाग-परळच्या गिरण्यांत गेलेल्या आज्यांच्या काळापासून ती चालत आली, गिरण्या गेल्या तरी मुंबईची मंडळं राहिली. चषकावर कुणाच्या तरी आजोबांचं, वडिलांचं नाव असतं. उत्कृष्ट चढाई, उत्कृष्ट पकड, मालिकावीर अशी वेगळी बक्षिसं असतात. सामने रात्री उशिरापर्यंत चालतात आणि समालोचक प्रत्येक चढाईपटूला त्याच्या वाडीच्या नावासकट पुकारतो.

हे वाडीचं नाव महत्त्वाचं आहे. कोकणातलं गाव एकसंध वसलेलं नसतं. कोंड, वाड्या, बौद्धवाडी, धनगरवाडा, कातकरवाडी, मोहल्ला असं ते डोंगरउतारावर विखुरलेलं असतं. मंडळ वाडीचं असतं, आणि वाडी बहुधा एका भावकीची, एका समाजाची असते. म्हणून गावच्या मैदानावर सात जण एका बाजूनं उभे राहतात तेव्हा ते बहुधा एकमेकांचे चुलत-मावस भाऊ असतात. लहानपणापासून एकत्र खेळल्यामुळे त्यांची साखळी पकड बघत राहावी अशी जुळते. डाव्या कोपऱ्यानं घोट्याला हात घातला की मध्यरक्षक न बघता कंबरेला येतो. या हंगामानं तालुक्याला खेळाडू दिले, खेळाची हौस दिली. पण वाडीबाहेरच्या पोराबरोबर एका बाजूनं खेळण्याची वेळ त्या मैदानावर क्वचितच येते.

ती वेळ महाविद्यालयात येते, आणि माझ्या लेखी इथल्या दुसऱ्या हंगामाचं मोल त्यातच आहे.

महाडमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाविद्यालय आहे. बाबासाहेबांनी 1945 साली स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं ते 1961 साली सुरू केलं. पोलादपुरात सुंदरराव मोरे महाविद्यालय आहे. दोन्ही मुंबई विद्यापीठाशी संलग्न. अशा महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर कबड्डीच्या निवड चाचणीची चिठ्ठी लागते तेव्हा जमणारी पोरं पंधरा-वीस वेगवेगळ्या वाड्यांतून आलेली असतात. कुणी रायगडाच्या पायथ्याकडून, कुणी बिरवाडीकडून, कुणी तानाजी मालुसऱ्यांच्या उमरठकडून, कुणी आंबेनळी घाटाच्या वाटेवरच्या गावातून. त्यांनी एकमेकांना आधी पाहिलेलं असतं ते समोरच्या अंगणात, प्रतिस्पर्धी म्हणून. आता जिमखान्याचे सर त्यांतले बारा निवडतात, सात मैदानावर आणि पाच राखीव, आणि कोपऱ्यात कोण, मध्यात कोण हे ठरवतात. बौद्धवाडीतला उजवा कोपरा आणि मराठा वाडीतला मध्यरक्षक यांना एकमेकांचा हात धरून उभं राहावं लागतं. बचावाची साखळी ही हात धरल्याशिवाय होत नाही.

महाडात ही गोष्ट साधी नाही. 20 मार्च 1927 रोजी याच गावात बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांना घेऊन चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. महाड नगरपालिकेनं तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव 1924 सालीच केला होता. ठराव कागदावर होता आणि तळं बंदच होतं. पाणी पिऊन परतणाऱ्या माणसांवर त्याच दिवशी हल्ला झाला, त्यांना मारहाण झाली. मग तळ्याचा वाद कोर्टात गेला आणि उच्च न्यायालयाचा निकाल लागला 17 मार्च 1937 रोजी, दहा वर्षांनी. पाण्याला हात लावला म्हणून जिथे डोकी फुटली, तिथे आज पोरं घामानं निथळत एकमेकांच्या अंगावर पडून खेळतात. कबड्डीत स्पर्शाशिवाय काहीच घडत नाही. गुण मिळतो तो स्पर्शानं आणि जातो तोही स्पर्शानं. एका खेळानं गावातलं सगळं मिटलं असं कुणी म्हणू नये. सामना संपल्यावर प्रत्येक जण आपापल्या वाडीच्या एसटीत बसतो. पण ज्यांनी आठ आठवडे एकमेकांचा दम, एकमेकांची चूक आणि एकमेकांची दुखावलेली ढोपरं सांभाळली, त्यांच्यात काहीतरी वेगळं तयार होतं, आणि ते तयार होण्याची दुसरी जागा या तालुक्यांत मला फारशी दिसत नाही.

आता अडचण. हे आठ आठवडे नेमके पावसात येतात.

महाविद्यालयं जूनमध्ये उघडतात, प्रवेश जुलैत रेंगाळतात. विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांच्या विभागवार फेऱ्या पावसाळ्यात आणि त्याला लागून होतात, कारण त्यातून विद्यापीठाचा संघ निवडून हिवाळ्यातल्या आंतरविद्यापीठ स्पर्धांना पाठवायचा असतो. ऑक्टोबर लागला की सत्र परीक्षा. मुंबईच्या मुलाला या वेळापत्रकाचा जाच नाही. तो छपराखाली मॅटवर सराव करतो. महाड-पोलादपुरात हंगामाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जुलैत मैदानाचा चिखल होतो, ऑगस्टमध्ये त्यावर शेवाळ धरतं. जो सव्वा गुंठा डिसेंबरात कुठेही मिळतो, तो जुलैत कुठेच मिळत नाही. मग सराव होतो तो व्हरांड्यात, सभागृहातले बाक सरकवून, किंवा पावसाची उघडीप मिळाली तर निसरड्या अंगणात. सिमेंटच्या जमिनीवर पकड शिकवता येत नाही. पकडायचं म्हणजे पडायचं, आणि सिमेंटवर पडलं की खांदा जातो. म्हणून पावसाळी सराव हा बहुतेक पायांच्या हालचालींचा, दमाचा आणि बोलण्याचा राहतो. बचाव, जो खरं तर संघाचा जीव, तो तोंडी शिकवला जातो.

त्यात माती आणि मॅट हा फरक आहे, तो बाहेरच्या माणसाला चटकन कळत नाही. मातीवर पोर अनवाणी खेळतं. पाय थोडा रुततो, थोडा घसरतो. पकडीत सापडलेला चढाईपटू घसरत-घसरत मध्यरेषेपर्यंत हात पोचवतो. मॅटवर बूट लागतात, आणि बूट मॅटला चिकटतो. पाय घसरत नाही, त्यामुळे वळण झटक्यात घेता येतं, पण चुकीच्या क्षणी वळलं तर गुडघ्यावर सगळा भार येतो. मातीवर वाढलेल्या पोराला पहिल्यांदा मॅटवर उतरवलं की त्याचा अंदाज अर्ध्या पावलानं चुकतो. 3.75 मीटरवरची निदान रेषा आणि तिच्या पुढे एक मीटरवरची बोनस रेषा ही अंतरं त्याच्या पायांना पाठ असतात, पण मातीवरची. त्यात चढाई 30 सेकंदांची, आणि लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण आणायचाच, नाही तर चढाईपटू बाद. गावच्या रात्रभर चालणाऱ्या सामन्यांत जे पोर दोरी सोडून खेळतं, ते या घड्याळापुढे पहिल्या दहा मिनिटांत गोंधळतं. उरलेल्या दहात सावरतं. तोवर एक लोण चढलेला असतो.

पहिल्या फेऱ्या बहुधा बाद पद्धतीच्या असतात. हरलात की घरी. 20 मिनिटांचे दोन डाव, मध्ये 5 मिनिटांची विश्रांती. जूनपासून जमवलेला संघ, सरांनी कार्यालयातून मिळवलेली प्रवासखर्चाची मंजुरी, उसने घेतलेले बूट, पहाटेची एसटी, सगळं त्या 40 मिनिटांसाठी. जिंकलात तर आणखी 40 मिनिटं. ज्या संघाला मॅटची सवय व्हायलाच एक अख्खा सामना हवा, त्याला तो सामना मिळायच्या आतच हंगाम संपतो. इथल्या पोरांमध्ये चिकाटी कमी आहे, जिद्द कमी आहे, असं अधूनमधून ऐकू येतं. मला ते मुळीच पटत नाही. जो मुलगा रायगडाच्या वाटेवरून डोकीवर ओझं नेतो, औद्योगिक वसाहतीत रात्रपाळी करून सकाळी वर्गात येतो, त्याला जिद्द शिकवायची गरज नाही. त्याला जुलै महिन्यात कोरडी जागा हवी आहे.

प्रवास हाही त्या हंगामाचा भाग आहे. कोकण रेल्वे महाड शहराला लागत नाही, जवळचं स्टेशन वीर. पोलादपूरला तर सगळा भरवसा महामार्गाचा आणि घाटांचा. एका बाजूला कशेडी, दुसऱ्या बाजूला आंबेनळी. या रस्त्यांवर पावसाळ्यात काय होऊ शकतं हे इथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला आणि दोन एसटी गाड्या माणसांसकट वाहून गेल्या. 28 जुलै 2018 रोजी आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची सहलीची बस दरीत गेली. या तारखा खेळाच्या लेखात का, असं वाटेल. तर संघ नेण्याची परवानगी मागायला आलेल्या सरांपुढे बसलेली आई त्याच तारखा मनात धरून बसलेली असते.

जून 2019 मध्ये ज्यांनी प्रथम वर्षाला प्रवेश घेतला, त्या मुलांची तीन वर्षं पाहा. पहिल्या वर्षी महाडला पुरानं पुन्हापुन्हा वेढलं. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं आणि आतल्या तालुक्यांतलीही घरांची छपरं, झाडं, विजेचे खांब घेऊन गेलं. 24 ऑगस्ट 2020 ला महाडमधली तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळली. त्या वर्षी आंतरविद्यापीठ स्पर्धा झाल्याच नाहीत. मग 22 जुलै 2021. त्या दिवशी महाडमध्ये पाणी पहिल्या मजल्यापर्यंत चढलं. तळिये गावावर डोंगर आला आणि 80 हून अधिक माणसं गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी इथे त्याच दिवशी दरडींनी 11 जीव घेतले. 2005 च्या जुलैत दासगाव, जुई, रोहन, कोंडीवते इथल्या दरडी ज्यांनी पाहिल्या होत्या, त्यांच्या मुलांनी सोळा वर्षांनी तेच पाहिलं. रस्ते बंद असल्यामुळे बाहेरची मदत पोचायच्या आत तळियेत हातांनी माती उपसणारे आजूबाजूच्या गावांतलेच लोक होते. नंतर कित्येक दिवस महाडच्या घराघरांतून गाळ उपसण्याचं काम चाललं, आणि त्यात कबड्डी खेळणाऱ्या वयाची पोरं पुढे होती. त्या तुकडीनं 2022 साली पदवी घेतली. महाविद्यालयाच्या संघातून तिला नीट खेळायला मिळालं असेल तर पहिल्या वर्षीच.

मुलींचं गणित याहून कठीण आहे. गावच्या प्रकाशझोतातल्या स्पर्धा बहुतेक पुरुषांच्या आणि रात्रीच्या. मुलींचा सामना ठेवलाच तर उद्‌घाटनाच्या दिवशी, प्रदर्शनीय म्हणून. त्यामुळे शाळा सुटली की कबड्डी खेळणाऱ्या मुलीला महाविद्यालयाचा हंगाम हाच एकमेव हंगाम राहतो. वर्गानंतर सराव ठेवला तर वाडीची शेवटची गाडी चुकते; वर्गाआधी ठेवला तर पहिली गाडी त्या वेळेला पोचत नाही. ज्या महाविद्यालयांनी मधल्या सुट्टीत, दोन तासिकांच्या फटीत सराव बसवला तिथे मुलींचे संघ टिकले. या मुलींमध्ये कुवत किती असते, याचा पुरावा राज्यानं पाहिलेला आहे. मार्च 2012 मध्ये पाटण्याला महिलांचा पहिला विश्वचषक भारतानं जिंकला, त्या संघात महाराष्ट्राच्या अभिलाषा म्हात्रे, दीपिका जोसेफ आणि सुवर्णा बारटक्के होत्या. राज्य सरकारनं तिघींना प्रत्येकी 1 कोटी रुपये दिले. तो पैसा योग्य होता, आणि त्याच मनानं पोलादपूरच्या मुलीला सरावाला बसता येईल अशी गाडीची वेळही कुणी बदलून द्यायला हवी होती.

वर जाण्याची शिडी आज पूर्वीपेक्षा स्पष्ट दिसते. 2014 च्या जुलैत प्रो कबड्डी सुरू झाली आणि भर पावसात घराघरांत दूरचित्रवाणीवर कबड्डी आली. जानेवारी 2018 मध्ये हैदराबादला रिशांक देवाडिगाच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्रानं सेनादलाला हरवून राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकलं. पुढच्याच वर्षी राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा आपल्या रायगडात, रोह्याला भरली; रेल्वेचा पुरुष संघ तिथे जिंकला. महाडहून ज्यांना जाता आलं त्यांनी देशातले पहिल्या रांगेतले खेळाडू मॅटच्या कडेला उभं राहून पाहिले. सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. रेल्वे, पोलीस, बँका भरती करतात. मात्र त्या प्रत्येक दारावर राज्य पातळीचं, विद्यापीठ पातळीचं प्रमाणपत्र मागतात. गावचे पन्नास चषक कपाटात असले तरी त्या कामाचे नसतात. विद्यापीठाच्या हंगामातली ती 40 मिनिटं म्हणूनच एवढी मोलाची.

मग काय करावं? माझ्या मते मागणी एकच आणि ती मोठी नाही. तालुका क्रीडा संकुलांच्या अनुदानाची मर्यादा राज्यानं 2022 साली 1 कोटीवरून 5 कोटी केली. कोकणातल्या घाटालगतच्या तालुक्यांत या पैशातून पहिलं काम धावपट्टीचं किंवा प्रेक्षक गॅलरीचं होऊ नये. पहिलं काम छपराचं व्हावं. दोन मॅट शेजारी-शेजारी बसतील एवढी शेड, बाजूंनी वारा खेळता, म्हणजे मॅटला बुरशी धरणार नाही. जोतं 2021 च्या पूररेषेच्या वर, आणि जागा दरडीच्या उताराखाली नसलेली. महाडला एक, पोलादपूरला एक. महामार्गावरून दोन्ही गावं वीसेक किलोमीटरच्या अंतरात आहेत, पण मुलींच्या गाडीच्या वेळा पाहता एकात भागवू नये. आपत्तीच्या दिवसांत त्याच शेडखाली चारशे माणसं कोरडी झोपू शकतात. नव्या शैक्षणिक धोरणात खेळाला श्रेयांक आले आहेत, ते जर खरे द्यायचे असतील तर जुलैत खेळायला जागा देणं हे त्या धोरणाचंच काम ठरतं. आणि विद्यापीठानंही एक करावं: कोकणातल्या संघांच्या पहिल्या फेऱ्या बादऐवजी साखळीच्या ठेवाव्यात, म्हणजे पहाटे निघून आलेल्या संघाला किमान दोन-तीन सामने तरी मिळतील.

परीक्षा संपतात, दिवाळी येते, भात खळ्यावर येतं. संघातले बारा जण आपापल्या वाडीला परततात आणि डिसेंबरात पुन्हा समोरासमोर उभे राहतात, या वेळी वेगवेगळ्या बनियनांत. पण आता उजव्या कोपऱ्याला ठाऊक असतं की समोरचा चढाईपटू बोनस घेताना डावा पाय आधी टाकतो, आणि चढाईपटूला ठाऊक असतं की कोपरा घोट्याला जाण्याआधी एकदा खांदा पाडतो. गावकऱ्यांना मात्र हे ठाऊक नसतं. पकड झाली की वाडी ओरडते, आणि धुळीतून उठताना पकडणारा पकडलेल्याला हात देतो. समालोचक दोघांचीही वाड्यांची नावं पुकारतो. पुढच्या जूनमध्ये दोघे द्वितीय वर्षाला असतील, निवड चाचणीला एकाच गाडीनं येतील.